भात्यापाशी: बीड जिल्ह्यातली पुरुषांची कामाची बैठक आणि तिचं मोडणं

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा दोनदा फोन आला. "सर, पुरुषांचं आरोग्य म्हणजे नेमकं काय बोलणार? डॉक्टरांना बोलवायचं का सोबत?" त्यांचं चुकलं नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली. आम्ही डॉक्टर आहोत, पण नाडी बघणारे नव्हे. तरी आज बोलायचं आहे ते या जिल्ह्यातल्या पुरुषांच्या मनाबद्दल, आणि त्यासाठी वाट धरायची आहे इतिहासाची. हा इतिहास राजांचा नाही. गावातल्या काही जागांचा आहे. त्या जागा कुठे होत्या, तिथं काय चालायचं आणि त्या गेल्या कशा, एवढंच आज बघू.

म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी झोप लागली तरी नुकसान नाही. पुरुष बोलण्यासाठी जमत नाहीत, कामासाठी जमतात, आणि जमले की बोलतात. ज्या जागी हाताला खरं काम होतं, तिथं मनाचं आरोग्य न सांगता सांभाळलं गेलं. काम गेलं तशी जागा गेली आणि बोलणंही गेलं. आता पुन्हा तशी जागा उभी करायची असेल तर तिथलं काम गावाला खरोखर लागणारं पाहिजे, नाहीतर ती टिकणार नाही. एवढंच. बाकी सगळा विस्तार.

आमचं गाव बालाघाटाच्या रांगेतलं, केज-धारूरच्या बाजूचं. जमीन हलकी, मुरमाड. पाऊस आला तर आला. १९५५ ते ६५ या काळातल्या गावाबद्दल आम्ही बोलतोय. गावात लोहाराचा भाता होता. आमच्याकडे 'भात्यावर चाललो' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. वर पाचटाचं छप्पर, मधे कोळशाची भट्टी, कातड्याचा भाता, जमिनीत रोवलेल्या लाकडावर ऐरण. बाजूला घण, हातोडे, सांडशा. शेजारीच सुताराची पडवी. तिथं तिफणी, कुळव, जू, रुमणी पडलेली असायची. मृगाच्या आधी महिनाभर या दोन जागा म्हणजे गावाचं कचेरीघरच.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचं. बलुत्याची व्यवस्था समजून घ्यायला आजही त्याच्याकडेच जावं लागतं. लोहार-सुताराला कामागणिक पैसे मिळत नसत, सुगीला खळ्यावर धान्य मिळे. आता या गोष्टीकडे अर्थशास्त्राच्या नजरेनं न बघता जरा वेगळं बघा. पैसे द्यायचे नसले की काम टाकून निघून जाता येत नाही. थांबावं लागतं. रीतच होती की ज्याचं काम त्यानं भाता ओढायचा. फाळाला टोक काढायचं असेल तर शेतकरी स्वतः भात्यावर बसणार, नाहीतर घण मारणार. त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं तिसरा. तास-दोन तास चार-सहा माणसं एका विस्तवाकडे बघत बसलेली. एकमेकांच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. हात चालू आहेत. आणि मग एकजण विस्तवाकडे बघतच म्हणतो, "यंदा काय जमंल असं दिसत न्हाई." दुसरा लगेच काही बोलत नाही. घणाचे चार ठोके पडतात. मग म्हणतो, "माझी पाभर ने. माझं झाल्यावर ने."

झालं ना काम? याला आज समुपदेशन म्हणतात.

सगळ्यात मोठा सोहळा असायचा गाडीच्या चाकाला धाव चढवण्याचा. धाव म्हणजे लाकडी चाकावरचं लोखंडी कडं. ते चाकापेक्षा किंचित लहान करायचं, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचं. तापलं की लोखंड फुगतं. मग चार-पाच जणांनी सांडशांनी धरून उचलायचं, चाकावर बसवायचं, ठोकायचं आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाकाला घट्ट आवळून धरतं. एकट्या माणसाला हे जमणारच नाही. एकाचा हात चुकला तर दुसऱ्याचा पाय भाजणार. तिथं भावकीचं भांडण असलेले दोघं समोरासमोर सांडशी धरून उभे असलेले आम्ही पाहिले आहेत. वर्षभर बोलत नव्हते. त्या दिवशी 'धर', 'सोड', 'उचल' एवढं तरी बोलावंच लागलं. पुढं हळूहळू बोलायला लागले.

ॲरिस्टॉटलनं मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. पहिली कनिष्ठ, तिसरी श्रेष्ठ. वर्गात आम्ही हे पस्तीस वर्षं शिकवलं. शिकवताना दरवेळी भाता आठवायचा आणि वाटायचं, या मोठ्या माणसानं उपयोगाच्या मैत्रीला जरा कमीच लेखलं. उपयोगासाठी जमलेली माणसं तिथंच थांबतात असं थोडंच आहे?

आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं तेर. गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना माहीत आहे. संतमंडळी जमली आहेत आणि काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून मडकं कच्चं की पक्कं ते पाहतात. आपण त्या कथेतली नामदेवांची फजिती लक्षात ठेवतो. पण ती मंडळी जमलेली कुठं आहेत? कुंभाराच्या घरी. आणि जमलेले कोण? सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखोबा ही सगळी या परंपरेतली हातानं काम करणारी नावं. गाडगेबाबांचं बघा. गावात गेले की आधी खराटा. दिवसभर झाडायचं, लोकही हाती खराटा घेऊन मागं लागायचे. कीर्तन रात्री. म्हणजे आधी काम, मग बोलणं. हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

दुसरी जागा तालीम. शरीर कमवायची जागा म्हणून आपण तिच्याकडे बघतो. पण निजामी राजवटीत तिला आणखी एक अर्थ होता. सभा घ्यायची तर आधी परवानगी लागायची. 'गश्ती निशाण ५३' हा शब्द आमच्या वडिलांच्या पिढीच्या तोंडात होता. उघड बोलण्याच्या जागा बंद असल्या की माणसं भजनात बोलतात, तालमीत बोलतात, भात्यावर बोलतात. या अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, आणि स्वामी रामानंद तीर्थांनी इथंच योगेश्वरी शाळेत शिकवण्याचं काम केलं. १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला त्यामागं असल्या साध्या बैठकांचा वाटा किती, याचा हिशेब कुणी मांडला नाही. तालमीची परंपरा मात्र अजून धुगधुगी धरून आहे. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं, तो पैलवान बापाच्या पोटी याच मातीत घडला. पण आता गावोगावच्या तालमींची दारं बघा. बऱ्याच ठिकाणी आत कडबा भरलेला असतो.

आता इथं थांबायला हवं. म्हाताऱ्या माणसाला जुनं सगळं गोड लागतं, हा दोष आमच्यातही आहे. म्हणून दुसरी बाजू सांगतो.

तो भाता सगळ्यांचा नव्हता. कुणी छपराखाली बसायचं, कुणी छपराबाहेर उभं राहायचं, हे ठरलेलं होतं. गावाच्या पारावर दलित माणूस बसू शकत नव्हता. त्याची बसायची जागा वेगळी, तेव्हाच्या बोलीत तक्क्या. आम्ही लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटलं नाही. हे कबूल केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आणि बलुत्यासाठी वर्षभर राबणाऱ्या त्या लोहाराला खळ्यावर किती अपमान गिळावा लागायचा, हेही विसरायचं नाही. बलुतं गेलं ते बरंच झालं. आमचा मुद्दा इतकाच, की जाताना त्याच्यासोबत आणखी काहीतरी गेलं आणि ते गेल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बायकांचं काय, असा प्रश्न मनात आला असेल. बायकांना भात्यावर जागा नव्हती. त्यांचं जातं होतं. पहाटे दोघी जणी खुंट्याला हात घालायच्या आणि पोटातलं सगळं ओवीत यायचं. तिथंही काम आधी, बोलणं नंतर. पिठाची गिरणी आली आणि जातं थांबलं. कष्ट वाचले, उत्तम झालं. पण पुढं बायकांनी दुसरी जागा मिळवली. द्वारकादास लोहियांनी १९८२ मध्ये इथं मानवलोक सुरू केलं, शैलाताई लोहियांनी मनस्विनीचं काम उभं केलं, मग गावोगाव बचत गट आले. महिन्याला का होईना, बायका सतरंजीवर एकत्र बसू लागल्या. पुरुषांची जागा मोडली तेव्हा त्यांनी नवी काही केली नाही. पानटपरी, धाबा आणि पुढाऱ्याचं संपर्क कार्यालय, एवढ्याच जागा उरल्या. या तिन्ही ठिकाणी हाताला काम नसतं, हे लक्षात घ्या. आणि घिसाडी लोक गावाबाहेर पाल ठोकायचे तेव्हा घण मारायला बाईच उभी असायची. म्हणजे ऐरणीला बाई चालत नाही, हे आम्हीच ठरवलेलं. ऐरणीनं नव्हे.

मग ही जागा मोडली कशी?

१९७२ चा दुष्काळ आम्ही विशीच्या उंबरठ्यावर पाहिला. खडी फोडायला सगळा गाव. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. खायला सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी. ते फार वाईट दिवस होते. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्या वर्षी सगळा गाव एका ओळीत बसून दगड फोडत होता आणि लोक एकमेकांशी बोलत होते. रोजगार हमीची कल्पना त्याच दुष्काळात रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

दुष्काळ संपला, पण गुरं गेली होती, बी-बियाणं गेलं होतं. त्यानंतर साखर कारखान्यांच्या वाटेला लागणाऱ्या गाड्यांचा ओघ वाढतच गेला. पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत होते आणि त्यांना हात हवे होते. बीडकडे हातच होते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन निघायचं आणि पाडव्याच्या सुमाराला परत यायचं. 'कोयता' हा शब्द आमच्याकडे अवजाराचा राहिला नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसांची मोजदाद अवजारानं व्हायला लागली. दरवर्षी या जिल्ह्यातून लाखो माणसं जातात. सहा महिने गावात म्हातारे आणि शाळेतली पोरं. भाता पेटवायचा कुणासाठी? पुढं ट्रॅक्टर आले, टायरच्या गाड्या आल्या. बाजारात तयार फाळ मिळायला लागला. सुताराची पोरं पुण्याला फर्निचरच्या कामावर गेली. कुणी ठरवून भाता विझवला नाही. एका मृगाला तो पेटला नाही, इतकंच.

फडात माणसं एकत्र असतात, मग तिथं बोलत नाहीत का? टोळीसोबत आम्ही एकदा चार दिवस राहिलो आहोत. पहाटे तीनला तोडणी सुरू. तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. संध्याकाळी खोपीपुढं बसून पुरुष कानशीनं कोयत्याला धार लावतात. तेवढा अर्धा तास काय तो. त्या अर्ध्या तासात आम्ही जेवढं ऐकलं तेवढं गावात वर्षभरात ऐकलं नाही. पण डोक्यावर उचल असते, फिटेपर्यंत पळायची सोय नाही, अंग ठणकत असतं. म्हणून त्या अर्ध्या तासानंतर बाटली येते. बाईची अवस्था त्याहून वाईट. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून सांगतो, पुरुषांचं दुःख बाईच्या दुःखाशी तोलायला आम्ही आलो नाही. घरात एकाचं तोंड बंद झालं की त्याचा हात दुसऱ्यावर उठतो. म्हणजे हा प्रश्न बाईचाही आहेच.

आता एक घरची गोष्ट सांगतो. सांगावी की नाही, यावर बराच विचार केला.

आमचा एक वर्गमित्र होता. नाव सांगत नाही. सातवीपर्यंत एका बाकावर. उन्हाळ्यात वडील आम्हा दोघांना फाळ देऊन भात्यावर पाठवायचे. एकानं भाता ओढायचा, दमला की दुसऱ्यानं. तिथं तो एकदा म्हणाला होता की पुढच्या वर्षी शाळा सोडणार, घरात सावकाराचं झालंय. डोळ्यांत पाणी आलं होतं. पण भात्यावर त्याची सोय असते, धुरानं आलं म्हणायचं. आम्ही काहीच म्हणालो नाही. फक्त त्याची पाळी आम्ही ओढली. तो शेतीत राहिला, आम्ही शिकत गेलो, प्राध्यापक झालो.

२०१५ च्या दुष्काळात तो आमच्या घरी आला होता. सहज आलो म्हणाला. आम्ही त्याला दिवाणखान्यात बसवलं. समोरासमोर दोन खुर्च्या, मधे टीपॉय. चहा झाला. पावसाचं बोललो, पोरांचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. दोन-तीनदा तो गप्प झाला आणि खिडकीकडे बघत राहिला. आम्ही विचारलं, "सगळं बरं आहे ना?" तो म्हणाला, "बरंच की." आठ दिवसांनी निरोप आला की तो गेला. त्यानं स्वतःच संपवलं होतं.

तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, समोर पन्नास वर्षांचा मित्र, आणि विचारायचं कसं ते कळलं नाही. आम्ही हे दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. बाराव्या वर्षी त्यानं जे सहज सांगितलं ते पासष्टीत का सांगता आलं नाही? तेव्हा आम्ही दोघं विस्तवाकडे बघत होतो आणि हातात काम होतं. आता आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो आणि हातात कपबशी होती.

हे एकट्याचं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. शंभरातले जवळजवळ ७२ पुरुष. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, २२,७४६. कारण एक नसतं. कर्ज असतं, आजार असतो, दारू असते, घरातला ताण असतो. त्या सगळ्याला एका वाक्यात बसवू नये. पण एवढं मात्र दिसतं, की पुरुष मदतीपर्यंत पोचत नाही, किंवा उशिरा पोचतो.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात बीड आहे. आशा ताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात, गरज वाटली तर दवाखान्यात पाठवतात. काम मोलाचं आहे. पण दारात आलेल्या ताईला आमचा शेतकरी काय म्हणतो? "मला काय धाड भरलीय?" अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्यावर पहिली मदत द्यायची. अठरा महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये हे 'लॅन्सेट सायकिॲट्री'त छापून आलं. म्हणजे मदत गावात आली की माणूस घेतो. पण शंभरातले सत्तरावर तरीही राहिलेच. ते कुठं भेटतील?

या प्रश्नाचं एक उत्तर फार लांब सापडलं, म्हणून जरा लांब जाऊ. ऑस्ट्रेलियात घरामागं एक शेड असतं. आपल्याकडे पत्र्याचं शेड म्हणतो तेच. बाप माणूस तिथं काहीतरी ठोकत बसतो. निवृत्त झाला, बायको गेली, शहरात लहान घर घेतलं, की शेड जातं आणि माणूस खुर्चीत बसून झिजतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गूलवा या गावात १९९३ मध्ये अशा पुरुषांसाठी एक सामाईक शेड सुरू झालं. १९९८ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातल्या टोंगाला इथं 'मेन्स शेड' हे नाव प्रथम लागलं. २००७ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली, २०१० च्या तिथल्या पुरुष आरोग्य धोरणात या शेडना जागा मिळाली. आज तिथं हजारावर शेड आहेत. आयर्लंड आणि ब्रिटनमध्येही पसरली. मोडलेल्या सायकली दुरुस्त करायच्या, शाळेची बाकडी करायची, पक्ष्यांची घरटी करायची. मधे चहाची किटली. त्यांचं एक बोधवाक्य आहे, त्याचा भाव असा की पुरुष तोंडासमोर तोंड करून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. बॅरी गोल्डिंग हे प्रौढशिक्षणाचे अभ्यासक यावर वर्षानुवर्षं काम करत आले. त्यांच्या लेखनातून दिसतं ते असं, की तिथं कुणाला रुग्ण म्हणत नाहीत, विद्यार्थीही म्हणत नाहीत. आरोग्य हा शब्द दारावर लिहिलेला नसतो. पण आत रक्तदाब मोजायची सोय होते, साखरेवर बोलणं होतं, आणि एखादा चार दिवस आला नाही तर कुणीतरी त्याच्या घरी जाऊन येतं.

हे वाचलं तेव्हा आम्ही हसलो. म्हटलं, यांनी भाता शोधून काढला!

आता परत अंबाजोगाईला येऊ. आपल्याकडे असं काही अलीकडे झालं का? झालं. २०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा. त्याच वर्षी पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा भरली. राज्यातले फक्त तीन तालुके होते: वरूड, कोरेगाव आणि आपलं अंबाजोगाई. ४५ दिवस गावंच्या गावं कुदळ-फावडं घेऊन डोंगरावर. चर खोदायचे, दगडी बांध घालायचे. पहाटे आणि रात्री बॅटरीच्या उजेडात. बायका-पुरुष एका ओळीत, आणि पुष्कळ ठिकाणी पूर्वी एका ओळीत न बसणाऱ्या वस्त्याही एका ओळीत. आम्ही तिथं पाट्या उचलायला गेलो होतो, म्हणजे उचलण्यापेक्षा मोजायलाच जास्त. एक तरणा पोरगा शेजाऱ्याला सांगत होता की बँकेची नोटीस घरात लपवून ठेवलीय, बापाला दाखवली नाही. शेजारी म्हणाला, "उद्या आण. बघू." चराच्या काठावर हे झालं.

पण पंचेचाळीस दिवस संपले. पाऊस आला, चर भरले, फोटो झाले आणि माणसं घरोघर गेली. स्पर्धेला दोष देत नाही, तिचं काम पाण्याचं होतं आणि ते तिनं केलं. आमचा प्रश्न वेगळा आहे. भाता पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि श्रमदान उन्हाळ्यापुरतं टिकलं, असं का? कारण फाळ दरवर्षी झिजतो. काम संपत नाही, म्हणून जागा संपत नाही. टिकाऊपणाची दुसरी व्याख्या आम्हाला सापडलेली नाही.

मग आज गावात दरवर्षी झिजतं काय? यादी करा. फवारणीचा पंप. ठिबकच्या नळ्या. पाण्यातली मोटार. कडबा कुट्टी. शाळेची बाकं. कोयते, निघायच्या आधी आणि आल्यावर. कृषी अवजारे बँक नावाची सरकारी योजना आहे. गटानं अवजारं घ्यायची, भाड्यानं द्यायची. ही अवजारं आता कुणाच्या तरी गोठ्यात उभी असतात. त्यांना गावच्या मधे एक शेड द्या. आयटीआय झालेला एखादा बेकार पोरगा आणि हात न विसरलेला एखादा म्हातारा सुतार, दोघांना बसवा. दुरुस्तीचे वाजवी पैसे घ्या, म्हणजे देणगीवर चालायची वेळ येणार नाही. आणि जुनी एकच रीत परत आणा: ज्याचं काम त्यानं थांबायचं आणि हात लावायचा. जुन्या दोन रीती मात्र आणू नका. छपराखाली कोण आणि बाहेर कोण, हे कुणी ठरवणार नाही. आणि बाई आली तर तिच्या हातात पाना द्यायचा, झाडू नव्हे.

त्या शेडवर 'पुरुष आरोग्य केंद्र' अशी पाटी लावू नका, एवढी हात जोडून विनंती. पाटी लागली की फीत कापायला पुढारी येईल, आणि त्यानंतर कुणीच येणार नाही. 'अवजार दुरुस्ती' लिहा. बास.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, हे सगळं खरं, पण ज्याचा जीव आज टांगणीला लागलाय, त्यानं शेड होईपर्यंत काय करायचं?)

बरोबर विचारलं. आमच्या सगळ्या भाषणापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. त्यानं थांबायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. इथं अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं मानसोपचाराचे डॉक्टर असतात. तिथं जाण्यात काही कमीपणा नाही. आणि त्याच्या मित्रांसाठी आमचं एकच सांगणं. त्याला दिवाणखान्यात बसवू नका. "चल, मोटार काढायची आहे, जरा हात लाव," म्हणून बाहेर काढा. वाटेत तो बोलेल. बोलला नाही तर दुसऱ्या दिवशी परत काहीतरी काम काढा. आणि मग स्पष्ट विचारा, जिवाचं काही वाईट मनात येतंय का. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे डॉक्टर मंडळी खात्रीनं सांगतात. आम्हाला हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्या गावात तो भाता जिथं होता तिथं आता मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात पाया खोदताना ऐरणीचं लाकूड निघालं. दुकानदार पोरगा त्या लोहाराचाच नातू. त्यानं ते टाकलं नाही, दुकानाबाहेर बसायला ठेवलंय. आम्ही गेलो की त्यावर बसतो. हल्ली त्यानं शेजारी पंप दुरुस्तीचं टेबल मांडलंय. गेल्या खेपेला आम्ही बसलो होतो तेव्हा तिघं जण आपापला पंप घेऊन उभे होते. पोरगा म्हणाला, "काका, जरा हे धरता का?" आम्ही धरलं.